निर्वासिताला आसरा दिला, पण त्याची बायको-पोरं कुठायत?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकानं लिहिलं होतं की निर्वासितांच्या नावानं पावत्या फाडणाऱ्यांना गोव्यात दारात उभं करू नये, आपल्याच पोरांना भाड्याची खोली परवडत नाही आणि सुदान नि अफगाणिस्तानचं आम्हाला काय. पत्र रागानं लिहिलेलं होतं पण राग सगळाच खोटा नव्हता, म्हापशात आज दोन खोल्यांचं भाडं ऐकलं की माणूस बसल्या जागी उठून उभा राहतो. त्यावर मग उत्तरं आली, ती सगळी माणुसकी, वसुधैव कुटुंबकम् वगैरे. दोन्ही बाजूंनी मुद्दा सोडूनच भांडण चाललंय असं मला वाटलं म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण युगांडाचं तेवढं ठेवा.

गोव्यात निर्वासित आणून वसवा असं इथं कुणी म्हणतच नाहीये. ज्या संस्था या विषयावर बोलतायत त्यांचं मागणं एवढंच आहे की एखाद्या देशानं ज्या माणसाला आधीच निर्वासित म्हणून मान्य केलंय, राहायची परवानगी दिलीय, त्याच्या बायकोला, मुलांना, आईबापांना त्याच्याजवळ येऊ द्या. फॅमिली रियुनियन म्हणतात त्याला. एवढ्याशा गोष्टीसाठी वेगवेगळ्या देशांत संस्था वर्षानुवर्षं भांडतायत आणि गेल्या एक-दोन वर्षांत तर बहुतेक ठिकाणी हरतायत.

आकडे थोडकेच देतो. जगात देश सोडून पळालेले निर्वासित ४ कोटींच्या वर आहेत, आणि त्यातले ७० टक्क्यांहून जास्त कुठं आहेत तर इराण, तुर्की, कोलंबिया, पाकिस्तान, बांगलादेश, चाड असल्या गरीब नाहीतर मध्यम कमाईच्या देशांत, म्हणजे सगळे लंडनला जाऊन बसलेत हा आपला समज आहे तो समजच आहे. दुसऱ्या देशात रीतसर पुनर्वसन होतं ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडून, युएनएचसीआर. ते लोक कॅम्पात जाऊन निवड करतात, जिवाला धोका असलेल्या बायका, छळ सोसलेले, ज्यांच्या आजारावर तिथं इलाज नाही असे, एकटी पडलेली मुलं, आणि मग कुठलातरी देश हो म्हणाला तर त्यांना पाठवतात. २०२५ साठी अशी गरज असलेली माणसं २९ लाख आहेत असा त्यांचाच अंदाज होता, आणि त्याच्या आधीच्या अख्ख्या वर्षात सगळ्या देशांनी मिळून घेतली ती दोन लाखसुद्धा नाहीत. जगातल्या सगळ्या निर्वासितांत वर्षाला शंभरात एकसुद्धा जात नाही. त्यात सगळ्यात जास्त माणसं घेणारी अमेरिका, तिनं जानेवारी २०२५ मध्ये कार्यक्रमच थांबवला आणि २०२६ च्या वर्षासाठी कमाल आकडा ठेवला ७,५००. आपल्या एखाद्या बऱ्यापैकी गावात याहून जास्त मतदार असतात.

आता घरच्यांचं. माणूस एकटा का पळतो, बायकोपोरांना टाकून का येतो, असं लोक फार सहज विचारतात. दलालाला द्यायला पैसे एकाचेच असतात, वाळवंट नि समुद्र ओलांडताना लहान मूल घेऊन निघणं म्हणजे त्याला मारायला नेणंच आणि सहसा ज्याच्या मागावर सैन्य असतं तोच आधी निघतो. जाऊन कागद मिळवतो, मग घरच्यांना कायदेशीर वाटेनं, विमानानं बोलवायचं, हा हिशोब असतो. म्हणजे फॅमिली रियुनियन ही वाट बंद केली की ती बाई नि ती पोरं घरी बसून राहत नाहीत, तीही त्याच दलालाकडं जातात. बोटी थांबवायच्या म्हणून हे बंद करणाऱ्या सरकारांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही, पण निवडणुकीत बोट दिसते, व्हिसाचा अर्ज दिसत नाही.

इंग्लंडमध्ये नियम असा होता की मान्य झालेला निर्वासित आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला आणि १८ वर्षांखालच्या मुलांना बोलवू शकतो, व्हिसाची फी नाही. जून २०२५ पर्यंतच्या वर्षात अशा २० हजारांहून जास्त व्हिसा दिल्या गेल्या आणि त्या जवळजवळ सगळ्या बायका नि मुलांच्या. मग ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारनं नवीन अर्ज घेणंच थांबवलं. पाहिजे तर इतर लोकांसारखा फॅमिली व्हिसा काढा म्हणाले, त्याला वर्षाची कमाई २९ हजार पाऊंड दाखवावी लागते, वर फी, वर इंग्रजीची परीक्षा. स्विंडनला गोदामात पॅकिंगला जाणारा आपला गोंयकार तरी २९ हजार सहज दाखवेल काय हो, आणि हा तर काल कॅम्पातून बाहेर पडलेला. जर्मनीनं हेच दोनदा केलं, दुय्यम दर्जाचं संरक्षण असलेल्यांसाठी, म्हणजे पूर्ण निर्वासित न मानता राहू दिलेल्यांसाठी, २०१६ ते २०१८ बंद, मग महिन्याला १,००० माणसांचा कोटा, आणि जुलै २०२५ पासून परत दोन वर्षं बंद.

बरं, थांबवायच्या आधीसुद्धा इंग्लंडच्या नियमात एक भोक होतं ते मला कधीच पटलं नाही. मोठा माणूस मुलाला बोलवू शकतो पण निर्वासित झालेलं मूल आईबापांना बोलवू शकत नाही. सोळा वर्षांचं पोर एकटं पोचलं, सरकारनं कबूल केलं की होय बाबा, तुझ्या देशात तुझ्या जिवाला धोका आहे, राहा इथं, आणि आई? आई तिथंच. कारण देतात की आईबापांना बोलवता आलं तर लोक पोरांना मुद्दाम पुढं पाठवतील. युरोपातल्या बहुतेक देशांत असं बोलवता येतं. रेड क्रॉस, रेफ्युजी काउन्सिल, ॲम्नेस्टी वगैरेंनी एकत्र येऊन यावर मोहीम चालवली, २०१८ साली एक खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर एका खासदारानं मांडलेलं, तिथल्या संसदेच्या कॉमन्स सभागृहात दुसऱ्या वाचनातून पारसुद्धा झालं, पुढं काही झालं नाही. १९३८-३९ मध्ये याच इंग्लंडनं नाझींच्या तावडीतून सुमारे १० हजार मुलं गाड्या भरून आणली, फार मोठं काम होतं, त्याचा अभिमानही ते बाळगतात. पण आईबापांना बरोबर येऊ दिलं नव्हतं आणि त्यातल्या बहुतेक पोरांना आईबाप परत दिसले नाहीत. ते अभिमानाच्या भाषणात शेवटी कुठंतरी येतं.

मला हे सगळं माहीत असायचं कारण माझी भाची. ती स्विंडनला असते, नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली, शनिवारी तिथल्या एका संस्थेत निर्वासितांचे फॉर्म भरायला मदत करते. ती फोनवर मला म्हणाली, मामा, तू इकडं असतास तर यांची निम्मी कामं झाली असती. कारण मी म्हापशात एका नोटरीकडे उभा जन्म काढला आणि माझं काम हेच, कागद जुळवणं. गोव्यातला माणूस कागदाच्या बाबतीत किती श्रीमंत आहे हे आपल्याला कळत नाही. आपल्याकडं लग्न म्हटलं की आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडं पहिली सही, मग दुसरी सही, मग देवळात नाहीतर चर्चमध्ये काय ते. पणजोबाच्या जन्माची नोंदसुद्धा पुस्तकात सापडते. आणि तरीही काय होतं? आजोबा नोंदीत कामोतीं, बाप शाळेच्या दाखल्यावर कामत, नातू आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगचा. पोरोबोचा प्रभू झालेला, आणि सिनाय कुठं गेलं ते कुणाला सांगता येत नाही. मग वन अँड द सेमचं ॲफिडेव्हिट, म्हणजे ही दोन्ही नावं एकाच माणसाची असं शपथेवर, पेपरात जाहिरात, परत फेरी. पोर्तुगीज पासपोर्टसाठी लिस्बनला जन्म नोंदवायचा म्हणून किती घरं या कागदांच्या पायी हैराण झालीत ते मी बघितलंय, आणि त्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत नव्हते.

आता इरिट्रियाच्या माणसाचं बघा. तो पळाला कारण तिथं सैन्यातली सक्तीची नोकरी संपतच नाही. लग्न गावात, चार वडीलधाऱ्यांसमोर नाहीतर चर्चमध्ये झालेलं, सरकारी दाखला नाही. तो इंग्लंडमध्ये इरिट्रियाच्या वकिलातीत कागद मागायला गेला तर आधी लिहून द्यावं लागतं की मी देश सोडला ही माझी चूक, जी शिक्षा द्याल ती मान्य, आणि कमाईचे दोन टक्के कर द्यायचा. म्हणजे ज्याच्यापासून पळाला त्याच्याच पायावर डोकं ठेव. अफगाण बाईचं वेगळं. काबूलमध्ये इंग्लंडचं व्हिसा सेंटर नाही, बोटांचे ठसे द्यायला इस्लामाबादला जायचं, त्यासाठी पाकिस्तानचा व्हिसा, बरोबर पुरुष नातेवाईक, आणि पाकिस्तान तर २०२३ च्या शेवटापासून अफगाणांना उचलून उचलून परत पाठवतंय. नातं सिद्ध करायला डीएनए. वकील करायचा तर २०१३ पासून या कामाला सरकारी मदतीचा वकील सहसा मिळत नाही. मग भाचीसारख्या बायका शनिवारी बसतात.

आणि कागदाच्याही आधीची गोष्ट, घरचे आहेत कुठं हेच ठाऊक नसतं. त्याला रेड क्रॉसचं शोधकाम आहे, हे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून चाललंय. आजसुद्धा त्यांच्या वेबसाइटवर लोक आपला स्वतःचा फोटो लावतात आणि खाली लिहितात, मी माझ्या भावाला शोधतोय, मी माझ्या आईला शोधतेय. हरवलेल्याचा फोटो लावत नाहीत, त्याला धोका नको म्हणून. ती पानं एकदा बघा, रात्री मात्र बघू नका.

आता युगांडा. तरुण वाचकांना माहीत नसेल पण एन्टेबे, कम्पाला इथं गोंयकारांची मोठी वस्ती होती, सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिंपी, शिक्षक, दोन्हीकडं गोवन इन्स्टिट्यूट. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं. जाताना न्यायला ५० पाऊंड. खरी गंमत कागदांचीच झाली, कारण एकाच घरात बायको ब्रिटिश, नवरा युगांडाचा नागरिक, सासरा भारतीय नाहीतर पोर्तुगीज, असं सर्रास होतं. त्यात युगांडाचं नागरिकत्व घेतलेल्यांना तपासणीच्या रांगेत उभं करून तुमचे कागद बरोबर नाहीत म्हणाले आणि हजारो लोक बघता बघता कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. बायको-पोरांना इंग्लंडनं घेतलं, लष्कराच्या रिकाम्या तळांवर ठेवलं, आणि बिनदेशाच्या नवऱ्याला संयुक्त राष्ट्रांनी उचलून ऑस्ट्रियाच्या, इटलीच्या, माल्टाच्या कॅम्पात नेलं. इकडं बाई वेल्सच्या थंडीत पोरं सांभाळतेय, तिकडं बाप्या कॅम्पात पत्रं लिहितोय. एकत्र यायला महिनोन्महिने लागले. त्यात आपलेही लोक होते, फक्त दूरचे गुजराती शेठ नव्हते.

इंग्लंडनं तेव्हा सुमारे २८ हजार माणसं घेतली. कॅनडानं सहा-सात हजार घेतली आणि त्यात गोंयकार बरेच, टोरांटोच्या बाजूला आज जी आपली माणसं दिसतात त्यातल्या कितीतरी घरांचं मूळ तिथं आहे. लेस्टरच्या नगरपालिकेनं तर युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की इकडं येऊ नका, घरं नाहीत, शाळा भरल्यात. तीच भाषा, तुमच्या त्या वाचकाच्या पत्रातली, घरं नाहीत. लोक गेलेच. आणि आज लेस्टर त्याच लोकांच्या दुकानांवर नि दिवाळीवर मिरवतं.

आणखी एक, म्हणजे ज्या युगांडानं आपल्याला हाकललं तो आज आफ्रिकेत सगळ्यात जास्त निर्वासित सांभाळणारा देश आहे. १७ लाखांहून जास्त. दक्षिण सुदानचे, कॉंगोचे, सुदानचे. त्यांना थोडी जमीन कसायला देतात, काम करू देतात. पैशाची मारामार आहे, रेशन कापलं जातंय, पण दार बंद केलेलं नाही.

लांब कशाला, आपलं कोल्हापूर. वळिवडेला १९४३ पासून पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. स्टालिननं सायबेरियाला नेऊन टाकलेले, तिथून सुटून इराणमार्गे इथं. नवरे नि बाप कुठं, तर पोलिश सैन्यात, इटलीत माँटे कासिनोला लढत. युद्ध संपलं तर परत जायला देशच राहिला नाही, तो रशियाच्या टाचेखाली. मग ब्रिटननं १९४७ ला कायदा केला, पोलिश सैनिकांना तिथं राहू दिलं आणि वळिवडेच्या कितीतरी बायका-पोरांना बोटीनं त्यांच्या माणसांपाशी नेलं. हे फॅमिली रियुनियनच की. तेव्हा त्याचा गाजावाजा झाला नाही, लढलेल्या माणसाची बायको त्याच्याजवळ जाणार यात गाजावाजा कसला. २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा कोल्हापूरच्या स्मारकाला जाऊन आले, पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्याही. सगळ्या चॅनेलवर अभिमान. अभिमान मलाही आहे पण मग त्याच गोष्टीला आज नावं ठेवायची नाहीत.

आणि आमच्या मुरगाव बंदरात काय झालं ते तर गोव्यातल्याच निम्म्या लोकांना माहीत नाही. ऑक्टोबर १९४३, महायुद्ध ऐन भरात, जपान आणि अमेरिका एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि पोर्तुगाल तटस्थ म्हणून मुरगावला दोन जहाजं लागली, जपानहून तेइया मारू, अमेरिकेहून ग्रिप्सहोल्म. दोन्हीकडचे दीड-दीड हजार अडकलेले नागरिक, मिशनरी, व्यापारी, लहान मुलांसकट बायका, यांची अदलाबदल झाली आणि जहाजं आली तशी परत गेली. एकमेकांचे गळे धरलेल्या सरकारांना हे जमलं. आज शांततेच्या काळात फॉर्म थांबवून ठेवतात नि म्हणतात यंत्रणेवर ताण आहे.

ताटातूट म्हणजे काय हे गोव्याला समजावून सांगायची गरज नाही खरंतर. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली तेव्हा मुंबईत कामाला असलेला मुलगा आणि पेडण्यात राहिलेली आई यांच्यामध्ये परमिट आलं. आगगाडी बंद, मनीऑर्डर बंद. ज्यांचे बाप तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, होते ते तर पिढ्यान्‌पिढ्या असेच वाढले. पण तारवटी करार संपला की घरी येतो, त्याच्या घरावर कुणी कुलूप घातलेलं नसतं, एवढा फरक मनात ठेवून बाकीचं वाचा.

आता पावत्यांचा मुद्दा, कारण त्या वाचकाचा खरा राग त्यावर होता. त्यात थोडं मीही म्हणतो. ब्लँकेटं वाटायची, फोटो काढायचा, पेपरात छापून आणायचा, ही आपल्याकडची चॅरिटी. घरच्यांना एकत्र आणायच्या कामात फोटो नाही. अर्ज लिहा, अपील करा, खासदाराला भेटा, समितीपुढं साक्ष द्या, तीन वर्षांनी नियमातला एक शब्द बदलतो. याला देणगी मागितली तर लोक म्हणतात, अहो पण तुम्ही देता काय? म्हणून या संस्था मागं पडतात आणि ब्लँकेटवाल्या पुढं जातात. आणि दुसरं, आपल्या इथल्या धर्मादाय ट्रस्टनं पैसा भारताबाहेर खर्च केला तर खास मंजुरीशिवाय त्यावर करसवलत मिळत नाही, त्यामुळं परदेशातल्या निर्वासितांसाठी म्हणून कुणी मंडळाच्या नावानं दारात पावतीपुस्तक घेऊन आला तर त्याला शांतपणे बसवून विचारा की पैसे जाणार कसे. चहा द्या पण विचारा.

मग आपण करायचं काय, तर आपल्याकडं पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे, तिकडं असलेली माणसं. स्विंडन, लेस्टर, साउथॉल, टोरांटो, मिसिसागा. त्यांनी तिथल्या खासदाराला लिहायचं, की रियुनियनचे अर्ज परत सुरू करा, मुलांना आईबाप बोलवू द्या, वकिलाची मदत द्या. इथं एक गंमत सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसते. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्याला इंग्लंडमध्ये नगरपालिकेला मत देता येतं पण पार्लमेंटला नाही. आणि जो आपला भारतीय पासपोर्ट घेऊन रीतसर व्हिसावर राहतोय, नर्स असो, विद्यार्थी असो, त्याला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून पार्लमेंटलासुद्धा मत आहे! नाव नोंदवायचं फक्त. ज्या पासपोर्टसाठी आम्ही एवढी ॲफिडेव्हिटं केली त्याला खासदार निवडता येत नाही आणि ज्याला नाकं मुरडली त्याला येतो. मत नसलं तरी त्या भागात राहणाऱ्या कुणालाही खासदाराला लिहिता येतंच, ते ऑफिस पत्रं मोजतं.

कॅनडात आणखी सोपं आहे, म्हणजे होतं. तिथं १९७९ पासून सामान्य लोक गट करून, चर्च करून एखाद्या निर्वासित कुटुंबाला स्पॉन्सर करतात, वर्षभर घरभाडं, शाळा, डॉक्टर सगळं बघतात. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाचे ६० हजार लोक दोन वर्षांत घेतले त्यातले निम्म्याहून जास्त असे लोकांनी घेतले आणि १९८६ साली संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांच्या कामाचा नान्सेन पुरस्कार कॅनडाच्या जनतेला दिला, अख्ख्या जनतेला. टोरांटोच्या आर्चडायोसिसचं, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताचं, यासाठी स्वतंत्र ऑफिस आहे, म्हणजे रविवारी मिसाला जाणाऱ्या आपल्या लोकांना लांब जायलाच नको. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारनंही पाच जणांच्या गटांचे नवीन अर्ज थांबवले, ढीग साचला म्हणून. तिथला एक नियम मुद्दाम सांगतो कारण पुनर्वसन झालेल्यांची यात फार फसगत होते. घरचं जे माणूस मागं राहिलंय त्याचं नाव सुरुवातीच्या अर्जात असायलाच हवं, आणि पोचल्यापासून एका वर्षात त्याला बोलवायचा अर्ज करायचा. भीतीनं किंवा मूल मेलं समजून नाव लिहिलं नाही आणि ते पुढं जिवंत सापडलं, तर नियमानं ते कुटुंबातलं धरतच नाहीत. मध्यंतरी थोडी सूट दिलीय, पण नियम तसाच आहे. फॉर्म भरणाऱ्या माणसानं एक रकाना नीट समजावला नाही तर पोर कायमचं बाहेर.

यात लबाडी होत नाही काय, होते. भाच्याला मुलगा म्हणून दाखवतात, वय कमी सांगतात. माझ्या टेबलावरसुद्धा खोटे वारस यायचे, जमिनीसाठी. म्हणून आपण वारसा हक्क बंद केला नाही, चौकशी केली. इथं तर डीएनए आहे, मुलाखती आहेत.

आणि भारत? आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, स्वतंत्र कायदाही नाही. २०१५ मध्ये लोकसभेत शशी थरूर यांनी असायलम बिल मांडलं होतं, खासगी विधेयकाचं जे होतं तेच त्याचं झालं. कायदा नसताना आपण तिबेटी लोकांना मात्र चांगलं सांभाळलं, हे कर्नाटकातलं मुंडगोड आपल्यापासून किती लांब आहे, तिथली मुलं आपल्याकडं बाजारात स्टॉल लावतात, कुणाचं काय वाकडं झालं? पण दिल्लीत राहणाऱ्या अफगाण कुटुंबाला कॅनडाचा व्हिसा आला तरी आपल्या सरकारची निघायची परवानगी लागते, ती वेगळी, आणि ती लांबली की व्हिसाची मुदत, मेडिकलची मुदत, सगळं उलटं मोजायला लागतं. ज्याला आपल्याला ठेवून घ्यायचं नाही त्याला निदान लवकर जाऊ द्या, आधी आपली माणसं म्हणणाऱ्यांनी तर हे पहिलं मागायला हवं. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार आहेत, यातल्या एकानं जरी प्रश्न विचारला की अशा किती परवानग्या अडकल्यात आणि का, तर उत्तर छापील मिळेल. खाण आणि म्हादईच्या प्रश्नांमध्ये याला वेळ नाही म्हणतील, पण लेखी प्रश्नाला वेळ लागत नाही, कागद लागतो.

आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत २० जूनला निर्वासित दिनाचं पोस्टर करतात, बोट, काटेरी तार, हात. त्याऐवजी मोठ्या मुलांना एकदा व्हिसाचा तो फॉर्म भरायला बसवा, कुठलाही कागद घरून न आणता, आईचं लग्न झालं हे सिद्ध करा म्हणावं. दुपारभर पुरेल.

ज्यांची मुलं, पुतणे, भाचरं तिकडं आहेत त्यांनी या पत्राचा फोटो काढून पाठवला तरी माझं काम झालं. खासदाराला लिहायचा मसुदा कुणाला हवा असेल तर संपादकांकडं माझा नंबर आहे, इंग्रजीत एका पानाचा करून देतो, नोटरीकडं घ्यायचो तसे पैसे घेणार नाही. फक्त पोस्टकोड नीट लिहून पाठवा, तो चुकला की तुम्ही आमच्या मतदारसंघातले नाही म्हणून पत्र बाजूला ठेवतात.

आपला,
एक जुना वाचक, म्हापसा